पत्र्यावरचा आवाज

८ जानेवारी, सोमवार

आज थोरले गेले, आमच्या गावचे प्रमुख. सकाळच्या बोटीने राजधानीला, आपियाला, तिथून विमानाने ऑकलंडला मुलाकडे. साखरेने पाय काळा पडलाय, तिथले डॉक्टर काय ते बघतील. धक्क्यापर्यंत माझ्याच बसने सोडलं त्यांना. पुढच्या सीटवर पाय लांब करून बसले होते. मी सवयीने गाणी मोठ्याने लावायला गेलो तर म्हणाले, "आज राहू दे, सेफा."

बोट लागायच्या आधी त्यांनी गाडीतच माझ्या मांडीवर काठी ठेवली. गावच्या बैठकीत बोलताना टेकायची ती. सोबत खांद्यावर टाकायची काथ्याची चवरी. मी म्हटलं, "थोरले, सौमानीला द्या की. तो जाणता आहे. मी बस चालवतो."

"सौमानीला ती कधीपासून हवीय," ते म्हणाले. "तुला नकोय. म्हणून तुला."

मग माझा खांदा धरून उतरता उतरता म्हणाले, "एक ध्यानात ठेव. काठी हातात आली की बैठकीत कुणी नाही म्हणत नाही. लोसा म्हणेल. ती म्हणेल तेव्हा ऐक. बहीण आहे तुझी, तिचा शब्द तुझ्या वरचा."

खरं लिहायचं तर, येताना रिकामी बस दगडी पुलाच्या कठड्याला घासली.

संध्याकाळी लोसाताईला सांगितलं. शेजारीच तर राहते, मध्ये फक्त तिचं नीरफणसाचं झाड. ती चुलीपुढे बसून एवढी हसली की डोळ्यांत पाणी आलं. "तू? अरे, तुला बसमध्ये शिरलेली कोंबडी खाली उतरवता येत नाही! गाव काय हाकणार?" मग भाजलेल्या नीरफणसाची फोड माझ्या हातावर ठेवली. "पण थोरल्यांनी बरं केलं. घाबरट माणूस कुणाचं वाईट करत नाही."

१३ जानेवारी, शनिवार

संध्याकाळचा शंख आपल्याकडे तीनदा वाजतो. पहिल्याला घरी यायचं, दुसऱ्याला प्रार्थनेला बसायचं, तिसऱ्याला मोकळं. मधल्या वेळात रस्त्यावर कुणी दिसता कामा नये. पण अलीकडे फारच ढिलाई आली होती. आज दुसरा शंख होऊन गेला तरी पुलावर पोरं बाटली घेऊन गात बसलेली.

पेतेलो आला. हा गावातल्या, घराण्याची पदवी नसलेल्या तरुणांचा म्होरक्या, शंखाच्या वेळी रस्त्यावर पहारा त्याचा असतो. "काय करायचं, तुइलोमा?" म्हणाला. तुइलोमा म्हणजे मीच. बापानंतर घराण्याची ही पदवी मला मिळाली त्याला दोन वर्षं झाली, पण मला त्या नावाने हाक मारणारा हा पहिलाच. बाकी गावाला मी सेफा ड्रायव्हर.

 मनात म्हटलं, गेलो तिथे आणि ही पोरं हसली तर? पण पेतेलो बघत होता. काठी घेतली आणि गेलो.

पोरांनी गाणं थांबवलं. एकाने बाटली पाठीमागे लपवली. हाच मागच्या आठवड्यात बसमधून ओरडत होता, "अंकल, हॉर्न वाजवा, नाचायचंय!" मी दंड सांगितला, एकेक डुक्कर आणि डबाबंद माशांचं खोकं. आवाज इतका बारीक निघाला की पेतेलोने तेच पुन्हा मोठ्याने सांगितलं. कुणी हूं की चूं केलं नाही.

 घरी आल्यावर आज जेवण गोड लागलं.

१९ जानेवारी, शुक्रवार

बसमध्ये पुढची सीट रिकामी राहते. माणसं माणसांच्या मांडीवर बसतात, मागे दाटीवाटीने उभी राहतात, पण त्या सीटवर कुणी बसत नाही. मी गाणी लावली, कुणी सोबत गायलं नाही. उतरताना सगळे मान लववतात. वाईट वाटलं, पण फार नाही.

पेतेलो म्हणतो, काठी धरणाऱ्याने स्टिअरिंग धरणं शोभत नाही. त्याने आपल्या भावाला गाडी शिकवून ठेवली आहे. आज मी त्या पुढच्या सीटवर बसून धक्क्यापर्यंत गेलो आणि आलो. काम काहीच नव्हतं.

डुकराच्या पाठीचा मानाचा तुकडा आता माझ्याकडे येतो. मेलेआनेला म्हटलं, बघ, कसा मऊ आहे. ती म्हणाली, "डुक्कर तेच असतं."

बायकोला कशाचं कौतुक नाही.

२३ जानेवारी, मंगळवार

दुपारी जरा डोळा लागला होता आणि पत्र्यावर धाडकन काहीतरी आदळलं. मी काठी घेऊनच उठलो. मेलेआने कपडे घडी करत होती, तिने मानसुद्धा वर केली नाही. "नीरफणस पडला. दरवर्षी पडतो. झोप."

मागे जाऊन बघितलं तर खरंच, फुटून पांढरा गर बाहेर आलेला. आम्ही दोघं हसलो. पण पेतेलो तेवढ्यात आला होता, तो हसला नाही.

"फळच असणार," तो म्हणाला. "पण थोरले इथे होते तेव्हा त्यांच्या छपरावर कधी काही पडल्याचं आठवत नाही मला. एवढंच म्हणतो."

थोरल्यांच्या घराजवळ झाडच नाही. हे मला आत्ता लिहिताना सुचतंय. तेव्हा मी त्याला म्हटलं, कान उघडे ठेव.

१ फेब्रुवारी, गुरुवार

पेतेलो रोज संध्याकाळी येतो आणि कोण काय बोललं ते सांगतो. ऐकवत नाही, पण एखाद्या दिवशी त्याला उशीर झाला तर मी दारात येरझाऱ्या घालतो.

आज त्याने लोसाताईच्या नवऱ्याचं सांगितलं. वाइसे दुसऱ्या गावचा, आमच्याकडे जावई म्हणून आलेला, तोंडाचा मोकळा. क्रिकेटच्या वेळी मैदानावर म्हणाला म्हणे, "ड्रायव्हरला मोठी गाडी मिळाली, पण ब्रेक कुठे आहे तेच त्याला अजून सापडत नाही!" सगळं मैदान हसलं. पेतेलोने वाइसेचा आवाज, हातवारे, सगळं हुबेहूब करून दाखवलं. मला हसू आलं. मग पाहिलं, पेतेलोचा चेहरा दगडासारखा. मी हसणं आवरलं.

मला बाकी कशाची नाही, हसण्याची भीती वाटते. एकदा हसायला लागले की हे सगळं संपलं. बैठक बोलावली आणि वाइसेची डुकरीण दंडात घेतली. सगळे म्हणाले, "योग्य आहे." सौमानीसुद्धा.

४ फेब्रुवारी, रविवार

चर्चमधून लोसाताई थेट माझ्याकडे आली. पांढरा झगा, पांढरी टोपी. उंबऱ्याशी थांबली नाही, आत येऊन मुख्य खांबापाशी माझ्या जागेवर बसली. तो हक्कच आहे तिचा.

"सेफा, माझ्या नवऱ्याने चेष्टा केली. तुझ्या लग्नातही केली होती. तेव्हा का नाही मागितलंस डुक्कर?"

"ताई, बैठकीने ठरवलं."

"बैठकीला तोंड आहे का? तोंड तुझं आहे. ती डुकरीण मी पोरीच्या शाळेसाठी वाढवली, माहीत नाही तुला? उद्या परत पाठव. आणि त्या पेतेलोला संध्याकाळचं घरात घेऊ नकोस. तो आला की तुझे डोळे बदलतात."

मी मान खाली घालून "होय, ताई" म्हटलं आणि मनापासून म्हटलं. छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं. ती गेल्यावर पेतेलोला बोलावून सांगितलं, डुकरीण परत करायची.

तो म्हणाला, "कशी करणार, तुइलोमा? काल दुपारी आपण जेवलो ती तीच."

आता ताईला काय सांगू? मग पेतेलो हळूच म्हणाला की एका अर्थी झालं ते बरंच झालं, सख्ख्या बहिणीला सोडलं असतं तर गाव काय म्हणालं असतं. हे मात्र खरं आहे. ताईकडे आज गेलो नाही. उद्या जाईन.

९ फेब्रुवारी, शुक्रवार

गेलो नाही.

पहाटे पत्र्यावर दोनदा आवाज झाला. या वेळी मागे जाऊन बघायची हिंमत झाली नाही. बघितलं आणि फळ नसलं तर? पेतेलोने घराभोवती चार जण उभे केले आहेत. मेलेआने म्हणते, परसात जायचीसुद्धा लाज वाटते. मी म्हटलं, हे सगळं तुझ्यासाठीच आहे. ती माझ्याकडे बघतच राहिली.

आज झाड तोडलं.

मी फांद्या म्हटलं होतं. बहुतेक. पेतेलो म्हणतो, तुम्ही झाड म्हणालात. करवतीचा आवाज ऐकला तेव्हा थांबवायला जाणार होतो, पण तोवर निम्मं कापून झालं होतं, आणि चार जणांसमोर आपलाच शब्द फिरवायचा कसा?

ताई जन्मली तेव्हा बापाने लावलेलं झाड ते. खोडातून पांढरा चीक वाहत होता. ती पायरीवर उभी राहून बघत होती. पडल्यावर आली, झग्याचा ओचा केला आणि फळं वेचू लागली. कच्चीही वेचली. एकदाही माझ्या खिडकीकडे बघितलं नाही.

ओरडली असती तर बरं झालं असतं. आई सांगायची, तिच्या मामाने रागाच्या भरात बहिणीला ढकललं होतं. बहीण नुसतं "तुझा हात" एवढंच बोलली. तो हात मरेपर्यंत वाळत गेला. तो वाळलेला हात मी लहानपणी पाहिलेला आहे. मी ताईला हातसुद्धा लावलेला नाही. झाडच फक्त तोडलं. देवा, तिच्या तोंडून काही निघू देऊ नकोस.

१३ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी उठलो तर उजवा हात बधिर. मेलेआने म्हणाली, अंगाखाली घेऊन झोपलास. असेल. पण दुपारपर्यंत मी तो सारखा उघडझाप करून बघत होतो.

बैठकीत कावाच्या पेयाची वाटी फिरत असतानाच वाइसे आला. त्याला आत बसायचा अधिकार नाही, म्हणून खांबांच्या बाहेर उन्हात उभा राहिला आणि तिथूनच बोलला. "तुझ्या बापाचं झाड होतं रे ते! माझी पोरं त्यावर जेवायची. कशाला घाबरतोस एवढा? ये, बघ माझ्याकडे, माझ्या हातात काही नाही!" आणि त्याने दोन्ही तळवे दाखवले.

तळवे रिकामेच होते. पण मला ते बघवेनात. माझ्या तोंडून निघालं, "रविवारच्या आत गाव सोडायचं. घरातल्या सगळ्यांनी."

बोललो आणि लगेच सौमानीकडे बघितलं. हा म्हातारा थोरल्यांनाही सोडायचा नाही. ते काहीही म्हणाले की आधी खाकरायचा, आणि खाकरला की सगळ्यांना कळायचं, आता हा मोडता घालणार. आज तो चटईची वीण बघत होता. मी थांबलो. खूप वेळ थांबलो. कुणी खाकरलं नाही. आपल्या बैठकीत ज्याला कुणी विरोध करत नाही ते ठरलं.

कुणीतरी विरोध करेल या भरवशावरच तर मी बोललो होतो.

१५ फेब्रुवारी, गुरुवार

ऑकलंडहून थोरल्यांचा फोन. आवाज खोल गेलाय. पाय गुडघ्यावरून काढला. आता प्रवास नाही, म्हणाले.

"लोसा कशी आहे?"

"बरी आहे."

"तिचं ऐकतोस ना?"

"ऐकतो."

"मग काठी तुझ्याकडेच राहू दे. मी सौमानीला तसं कळवतो."

तेव्हाच सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. आणि आत कुठेतरी गार वाटलं. ही वही कुणी वाचत नाही, म्हणून लिहितो.

१७ फेब्रुवारी, शनिवार

उजाडताना मेलेआनेने हलवून उठवलं. अंगणात माणसं बसली आहेत. अंगावर बारीक विणीची एकच मोठी चटई, घरातली ठेवणीतली, त्यामुळे कोण ते दिसत नाही. पुढ्यात सरपण, केळीची पानं आणि भट्टीचे काळे दगड. म्हणजे आम्ही तुमचे, हवं तर डुकरासारखं भाजा. लहानपणी एकदाच पाहिलं होतं, खून झाला होता तेव्हा.

ज्याची माफी मागायची त्याने बाहेर जाऊन चटई उचलायची असते, म्हणजे माफ केलं. मी जात नाही. खाली वाइसे असणार. चटईखाली कोयता असला तर? दार लावून खिडकीशी लिहीत बसलोय.

पेतेलो दाराबाहेरून म्हणतो, "बसू द्या उन्हात. कळू दे जरा."

ऊन आता थेट त्यांच्यावर आलंय. पूर्वी तिथे दुपारपर्यंत सावली असायची.

चटईखाली कुणीतरी खोकलं. बाईचा खोकला. मेलेआनेने माझ्याकडे बघितलं आणि हातातला तांब्या खाली ठेवला. मी म्हटलं, "जाऊ नकोस." ती दार उघडून गेली. चालत गेली, चटईचा कोपरा उचलला आणि आत जाऊन बसली. माझी बायको. माझ्याच अंगणात, माझ्यापुढे.

हे पुढचं संध्याकाळी लिहितोय.

मी गेलो. चटई उचलली. पुढे ताई होती. मागे मुली, त्यांच्या मागे वाइसे, कपाळ जमिनीला टेकलेलं. घामाने सगळ्यांचे कपडे अंगाला चिकटले होते.

"ताई, ऊठ."

"तुइलोमा," ती म्हणाली, "आमचं चुकलं. लेकरांना गावात राहू द्या. ह्यांच्या गावीही आता आम्हाला कोण आहे?"

"मला पदवीने काय हाक मारतेस? ताई, मी सेफा. मला शिव्या घाल. शाप दे हवा तर. तुझा अधिकार आहे."

"असं काही बोलू नका. तुम्ही मोठे. आम्ही तुमचं काय वाईट चिंतणार?"

ती माझ्या तोंडाकडे बघत नव्हती. उजव्या हाताकडे बघत होती. मीही बघितलं. हातात काठी होती. ती कधी उचलली, मला माहीत नाही.

किती दिवस मी तिच्या शापाला भीत होतो! तिने दिला नाही. माया होती म्हणून नाही. मला भ्यायली म्हणून. माझी लोसाताई.

पेतेलोला सांगितलं, कुणी गाव सोडायचं नाही. मला वाटलं वाद घालेल. तो म्हणाला, "जशी आज्ञा." हाकला म्हटलं तेव्हाही याच आवाजात म्हणाला होता.

३ मार्च, रविवार

ताईच्या घरून रविवारचं जेवण येतं. मोठी मुलगी कंबरेत वाकून ताट ठेवते आणि तोंड न फिरवता मागे मागे जाते. पाठीचा तुकडा असतो. त्यांच्याकडे डुक्कर कुठून आलं, विचारवत नाही.

मेलेआने ताईकडे राहायला गेली आहे. ताईला बरं नाही, म्हणाली.

आज धीर करून काठी आणि चवरी घेऊन सौमानीकडे गेलो. त्याच्यापुढे ठेवली आणि म्हटलं, "तू घे. तुला हवी होती ना? मला झेपत नाही." म्हातारा पांढराफटक पडला. दोन्ही हात मागे घेतले. "माझं काय चुकलं, तुइलोमा? कुणी काय सांगितलं माझ्याबद्दल? मी तर कधीच मागितली नाही." मी शपथ घेऊन सांगितलं, तसं काही नाही. त्याची बायको आतून रडायला लागली. शेवटी मी काठी उचलली तेव्हा कुठे त्याने श्वास सोडला.

येताना रस्ता रिकामा होता. शंखाची वेळ नव्हती, तरीही.

घरी येऊन एकटाच बसलो होतो आणि पत्र्यावर धाडकन वाजलं.

मी धावत मागे गेलो. झाडाचा नुसता बुंधा. शेजारी एक दगड पडलेला, काजळीने काळा झालेला, भट्टीतला. अंगणात तो ढीग अजून तसाच आहे, कुणी उचललेला नाही. ताईच्या घराकडे बघितलं. पायरीवर कुणी नव्हतं, पण आतून दार ओढल्याचा आवाज आला.

 डोळ्यांत पाणी आलं, आनंदाने म्हणावं तर तसं. गावात कुणाचा तरी हात अजून उठतो.

पेतेलो पहाऱ्याच्या पोरांना घेऊन धावत आला. "कोण होतं, तुइलोमा? नुसतं नाव सांगा."

मी दगडावर पाय ठेवून उभा राहिलो. "कुणी नाही," म्हटलं. "नीरफणस पडला."

त्याने बुंध्याकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं आणि मान लववली.

"होय, तुइलोमा," तो म्हणाला. "नीरफणसच."